मूल वाढवायला कोणता देश चांगला? आधी मुलाचे वय सांगा

गेल्या दिवाळीत माझी भाची आणि जावई पुण्याहून सांगलीला आले ते एक कोडे घेऊनच. जावयांच्या कंपनीने त्यांना म्युनिक किंवा न्यू जर्सी यांपैकी एका ठिकाणी जाण्याची संधी दिली होती आणि दोन्ही नको असेल तर पुण्यातच राहण्याची मुभाही होती. मुलगी चौदा महिन्यांची. विश्रामबागेतल्या आमच्या घरी फराळाची ताटे बाजूला सारून लॅपटॉप उघडला गेला आणि मुले वाढवण्यासाठी सर्वोत्तम देश कोणते, हे सांगणाऱ्या याद्या एकामागून एक समोर येऊ लागल्या. पहिला क्रमांक प्रत्येक यादीत सारखा नव्हता. भाचीने विचारले, "मामा, तुम्ही गणिताचे मास्तर. यातली खरी यादी कोणती?"

खोटी कोणतीच नव्हती, पण तिच्या प्रश्नाचे उत्तर त्यांतल्या एकाही यादीत नव्हते. चाचणीनंतर वर्गाची सरासरी काढली, तर त्या वर्गातल्या एका विशिष्ट मुलाला अपूर्णांक येतात की नाही हे त्या आकड्यावरून कळत नाही. देशांच्या क्रमवारीचेही तसेच असते. म्हणून या याद्या कशा तयार होतात हे आधी पाहू आणि मग त्या बाजूला ठेवून मुलाच्या वयानुसार प्रश्न कसे बदलतात ते पाहू.

युनिसेफने २०२० मध्ये श्रीमंत देशांतील मुलांच्या स्थितीविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील ३८ देशांच्या क्रमवारीत नेदरलँड्स पहिला, डेन्मार्क दुसरा आणि नॉर्वे तिसरा होता. ही क्रमवारी तीन गटांच्या गुणांवरून ठरली आणि प्रत्येक गटात दोनच मोजमापे होती. मानसिक स्वास्थ्याच्या गटात पंधरा वर्षांची किती मुले आपल्या आयुष्याविषयी समाधानी आहेत आणि १५ ते १९ या वयात आत्महत्यांचे प्रमाण किती आहे, हे पाहिले गेले. शारीरिक आरोग्याच्या गटात ५ ते १४ या वयातील मृत्यूंचे प्रमाण आणि प्रमाणाबाहेर वजन असलेल्या मुलांची संख्या धरली गेली. कौशल्यांच्या गटात पंधराव्या वर्षीचे वाचन-गणित आणि मुलाला सहज मित्र जोडता येतात का, हा प्रश्न होता. या सहा मोजमापांनी जपानला शारीरिक आरोग्यात पहिला आणि मानसिक स्वास्थ्यात सदतिसावा क्रमांक दिला आणि सगळे एकत्र केल्यावर जपान विसावा ठरला. हा विसावा क्रमांक जपानमधल्या कोणत्या मुलाचे वर्णन करतो, हे मला आजही सांगता येणार नाही. शिवाय या सहांपैकी एकही मोजमाप चौदा महिन्यांच्या मुलीला लागू पडत नाही. पाळणाघराची फी, आईची रजा आणि रात्री ताप चढला तर डॉक्टर किती वेळात भेटतो, हे त्यांत कुठेच नाही. भारताचे नावही त्या यादीत नाही, कारण ती श्रीमंत देशांपुरतीच होती.

भारत ज्या यादीत आहे तिची गंमत वेगळीच आहे. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि लॅन्सेट हे वैद्यकीय नियतकालिक यांनी नेमलेल्या आयोगाने १८० देशांची क्रमवारी लावली. मुलांच्या जगण्या-वाढण्याच्या परिस्थितीत नॉर्वे पहिला, दक्षिण कोरिया दुसरा आणि भारत १३१वा आला. त्याच आयोगाने दरडोई कार्बन उत्सर्जनाची, म्हणजे पुढच्या पिढीसाठी आपण काय मागे ठेवतो याची, दुसरी यादीही दिली. तीत नॉर्वे १५६वा आणि भारत ७७वा होता. कोरियाकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. जो देश मुलांसाठी जगात दुसरा ठरला, तिथे २०२३ मध्ये एका स्त्रीमागे सरासरी ०.७२ मूल जन्मत होते, म्हणजे मोठ्या देशांत सर्वांत कमी. त्या देशात विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेच्या दिवशी इंग्रजी ऐकण्याची चाचणी चालू असताना विमानांची ये-जा थांबवली जाते आणि शाळा सुटल्यावर रात्रीपर्यंत खासगी शिकवण्या चालतात. आपल्याकडे नीटची तयारी करणाऱ्या मुलाच्या घरी दूरदर्शन संचाचा आवाज बंद असतो. तिथे आकाशाचाच आवाज बंद करतात. घरांच्या किमती आणि कामाचे तास ही कारणेही आहेतच, पण मूल जगते-वाचते उत्तम आणि तरीही आईबाप होण्याची लोकांना धास्ती वाटते, असे दोन्ही एकाच देशात असू शकते.

वर्तमानपत्रांत हमखास झळकणाऱ्या तिसऱ्या प्रकारच्या याद्या तर जनमतावर आधारलेल्या असतात. हजारो लोकांना अमुक देश मुले वाढवण्यासाठी कसा वाटतो असे विचारतात आणि उत्तरे देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या देशात पाऊलही ठेवलेले नसते. त्यांवर याहून अधिक शब्द खर्च करण्याचे कारण नाही.

मी फुलस्केप वही मागवली आणि पानावर उभे पाच रकाने आखले: जन्म ते तीन, तीन ते सहा, सहा ते दहा, दहा ते पंधरा आणि पंधरा ते एकवीस. पानाच्या कोपऱ्यावर चकलीच्या तेलाचा डाग पडला होता, तो अजून आहे.

पहिला रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी समजला गेलेला आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. मूल तीन वर्षांचे होईपर्यंत त्याच्याजवळ कोणीतरी मोठे माणूस असावे लागते आणि त्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीचे पैसे कोण देतो, यावर देशादेशांतला फरक ठरतो. स्वीडनने १९७४ मध्ये केवळ आईसाठी असलेली रजा बदलून ती आई-वडील दोघांची केली. आज तिथे एका मुलामागे ४८० दिवसांचा भत्ता मिळतो, त्यातले ९० दिवस आईसाठी आणि ९० दिवस वडिलांसाठी राखीव असतात आणि ते एकमेकांना देता येत नाहीत. यांतील ३९० दिवसांसाठी पगाराच्या सुमारे ८० टक्के रक्कम, ठरावीक मर्यादेपर्यंत, सामाजिक विम्यातून मिळते. वडिलांचे दिवस राखीव ठेवण्यामागचा हेतू साधा आहे: ते न घेतल्यास वाया जातात, म्हणून पुरुष घेतात आणि पुरुषही रजा घेतात म्हटल्यावर नोकरी देताना केवळ बाईकडे संशयाने पाहण्याचे कारण उरत नाही.

आता भारताकडे पाहू. २०१७ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा आहे आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी असेही कायदा सांगतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या करारातील किमान मर्यादा १४ आठवड्यांची आहे, म्हणजे कागदावर आपण पुष्कळ उदार आहोत. पण कर्मचारी राज्य विम्याच्या कक्षेतील स्त्रिया सोडल्या तर हा सहा महिन्यांचा पगार मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावा लागतो. स्वीडन-जर्मनीत तो भार विम्यावर किंवा सरकारी तिजोरीवर असतो, त्यामुळे कोणत्या दुकानात किती बायका कामाला आहेत याने मालकाचा हिशेब बिघडत नाही. आपल्याकडे लहान उद्योजक मनातल्या मनात हा हिशेब करतो आणि नव्याने लग्न झालेल्या मुलीचा अर्ज बाजूला ठेवतो. त्यातही हा कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांपुरता आहे. तासगावच्या द्राक्षबागेत डिपिंगच्या, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवण्याच्या, कामाला जाणाऱ्या बाईपर्यंत त्यातले काहीच पोहोचत नाही. तिचे मूल बांधावर, कापडाच्या झोळीत.

अमेरिका या रकान्यात सर्वांत विचित्र आहे. १९९३ च्या संघीय कायद्याने तिथे बारा आठवड्यांची रजा मिळते, पण ती बिनपगारी आणि पन्नासहून कमी कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांना तो कायदा सहसा लागू होत नाही. पगारी रजेचा देशव्यापी कायदाच नाही. मात्र कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि आमच्या कामाचे म्हणजे न्यू जर्सी अशा काही राज्यांनी स्वतःच्या विमा योजना काढल्या आहेत, त्यामुळे "अमेरिकेत काय मिळते" हा प्रश्न अपुरा ठरतो. कोणत्या राज्यात, कोणत्या कंपनीत, असेच विचारावे लागते. पाळणाघर हा तिथला मोठा खर्च आहे. अनेक मोठ्या शहरांत तान्ह्या मुलासाठी वर्षाला वीस हजार डॉलरपेक्षा अधिक मोजावे लागतात आणि त्या हिशेबाने दोघांपैकी एकाने, बहुधा आईनेच, नोकरी सोडणे स्वस्त पडते. आश्रित व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलींना तर कित्येकदा काम करण्याची परवानगीच नसते, म्हणजे तो प्रश्न निवडीचाही उरत नाही.

जर्मनीत मूल एक वर्षाचे झाले की पाळणाघरातील जागेवर त्याचा कायदेशीर हक्क असतो. ही तरतूद ऑगस्ट २०१३ पासून आहे. हक्क असणे आणि जागा असणे या दोन गोष्टी तिथेही वेगळ्या आहेत, कारण शिक्षिकांची टंचाई आहे आणि मोठ्या शहरांत आईबाप गरोदरपणापासून नावे नोंदवून बसतात. बर्लिनमध्ये पाळणाघराची फी माफ आहे, म्युनिकमध्ये सरसकट तशी माफी नाही. मुलामागे दरमहा मिळणारा बालभत्ता २०२५ मध्ये २५५ युरो होता आणि तो आईबापांच्या पगारावर अवलंबून नसतो. बाळाच्या जन्मानंतरचा पालकभत्ता मात्र पगारावर अवलंबून असतो. तो आधीच्या बारा महिन्यांच्या निव्वळ कमाईच्या साधारण ६५ टक्के, कमीत कमी ३०० आणि जास्तीत जास्त १८०० युरो असतो. भारतातली कमाई त्यात धरली जात नाही, त्यामुळे ज्याने कालच बॅगा उघडल्या त्याला दुसऱ्या बाळाच्या वेळी किमान रकमेवरच भागवावे लागते. भाचीने इथे पेन घेऊन वहीत काहीतरी खूण केली. मी विचारले नाही.

याच रकान्यात आजी येते. आपल्याकडची खरी बालसंगोपन योजना आजी हीच आहे, ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही आणि परदेशी जाताना तिच्यावरच व्हिसाची मर्यादा पडते. जर्मनीसह शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, पाहुणी म्हणून गेलेली आजी कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहू शकते. अमेरिकेत अभ्यागत व्हिसावर एका खेपेस सहसा सहा महिने मिळतात. कॅनडात नागरिक किंवा कायम रहिवासी झालेल्या मुलांच्या आईबापांसाठी वेगळा व्हिसा असून त्यावर २०२२ पासून एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते. स्वीडनने जुलै २०२४ पासून पालकांच्या भत्त्याचे काही दिवस आजी-आजोबांनाही देण्याची सोय केली आहे, पण ती तिथल्या विम्यात असलेल्या आजीसाठी; सांगलीहून गेलेल्या आजीसाठी नव्हे. माझी थोरली बहीण, म्हणजे या मुलीची आजी, इतका वेळ नातीला भाताची पेज भरवत होती. देशांच्या क्रमवारीत तिला रस नव्हता. तिने एकच विचारले, "मला किती दिवस राहू देतील तेवढं सांगा." मला वाटते, त्या संध्याकाळी विचारला गेलेला सर्वांत नेमका प्रश्न तोच होता.

तीन ते सहा या रकान्यावर थोडक्यात सांगतो. आपली अंगणवाडी १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेतून आली आणि पोषण, लसीकरण व वजनाची नोंद हे तिचे मूळ काम आहे. ती दिवसाचे काही तासच चालते, त्यामुळे नोकरदार आईसाठी ती पाळणाघराची जागा घेत नाही. फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी पहिलीत जाते आणि त्याआधी खेळणे हाच अभ्यास मानला जातो. आपल्या नव्या शैक्षणिक धोरणानेही पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण असण्याचा आग्रह धरला आहे, तरी सांगलीतल्या साडेतीन वर्षांच्या मुलांच्या दप्तरात गृहपाठाची वही असतेच. ती वही सरकारपेक्षा आपण आईबापांनी आणि आम्ही मास्तरांनी तिथे घातली आहे, हे कबूल करायला हवे.

शाळेच्या वयात तुलना करताना लोक पिसा या परीक्षेचा दाखला देतात. पंधरा वर्षांच्या मुलांची ही आंतरराष्ट्रीय चाचणी असून २०२२ मध्ये तीत सिंगापूर पहिला होता. भारतातून २००९ च्या फेरीसाठी तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश यांनी भाग घेतला, सत्तरहून अधिक सहभागींत ही दोन्ही राज्ये तळाशी राहिली आणि त्यानंतर आपण या परीक्षेपासून दूर राहिलो. आरशात चेहरा आवडला नाही म्हणून आरसा पालथा घालण्याचाच हा प्रकार होता, असे माझे मत आहे.

पण स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाला पिसापेक्षा वेगळी माहिती अधिक उपयोगाची असते. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षी, मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. एक वाट विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियमची आणि बाकीच्या व्यावसायिक शिक्षणाकडे झुकणाऱ्या. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात जर्मन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची चौथीतली सरासरी श्रेणी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तरच गिम्नाझियमची शिफारस मिळते. तिथे एक ही सर्वोत्तम श्रेणी असते, म्हणून आकडा जितका लहान तितका चांगला. पुढे वाट बदलता येते, पण ते चढणीचे काम आहे. आता याचा अर्थ लावा: चौदा महिन्यांची मुलगी म्युनिकच्या पाळणाघरात जर्मन ऐकतच मोठी होईल आणि दहाव्या वर्षी इतर मुलांसारखीच त्या परीक्षेला उभी राहील. हेच कुटुंब मुलगी नऊ वर्षांची असताना गेले, तर गणितात हुशार असलेली मुलगीही भाषेपायी मागे पडू शकते. देश तोच, शाळा तीच, पण मुलीचे वय बदलले की उत्तर उलटे होते.

अमेरिकेत अशी चाळणी नाही, पण शाळा कोणती हे बहुतेक ठिकाणी घराच्या पत्त्यावरून ठरते आणि शाळांच्या पैशाचा मोठा हिस्सा त्या भागातील मालमत्ता करातून येतो. म्हणजे चांगल्या सरकारी शाळेची फी शाळेत भरावी लागत नाही, ती घरभाड्यात भरावी लागते. जपानमधली प्राथमिक शाळेतली मुले गटागटाने चालत शाळेत जातात, दुपारी एकच जेवण सर्वांना वाढतात आणि वर्ग स्वतः झाडतात. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात मुलेच स्वयंपाक आणि झाडलोट करीत, हे ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे त्यांना यात परके काही वाटणार नाही.

चालत जाण्यावरून रस्ता आठवतो. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. सुमारे एक कोटी लोकसंख्येच्या स्वीडनमध्ये त्याच वर्षी हा आकडा सव्वादोनशेच्या आसपास होता. लोकसंख्येचा हिशेब धरला तरी आपले प्रमाण पाचपटीच्या घरात जाते. अमेरिकेत रस्ते रुंद आहेत, पण २०२० पासून १ ते १७ या वयातील मुलांच्या मृत्यूचे पहिले कारण बंदुकीची गोळी हे आहे आणि तिथल्या शाळांत गोळीबार झाल्यास बाकाखाली कसे लपायचे याचा सराव घेतला जातो. यावर जावई म्हणाले की प्रत्यक्षात अशी घटना आपल्या मुलाच्या वाट्याला येण्याची शक्यता फार कमी असते. ते गणिताने बरोबर आहे. पण सराव मात्र प्रत्येक मुलाच्या वाट्याला येतो.

आईबापांच्या वागण्यावर कायदा किती लक्ष ठेवतो, हेही पाहावे लागते. स्वीडनने १९७९ मध्ये घरातही मुलाला मारण्यावर बंदी घातली, असे करणारा तो पहिला देश होता. जर्मनीने २००० मध्ये तसे केले. आपल्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी केली आहे, पण घरातल्या चापटीविषयी तसा स्वतंत्र कायदा नाही. २०११ मध्ये नॉर्वेत राहणाऱ्या एका बंगाली दांपत्याची दोन्ही मुले तिथल्या बालकल्याण यंत्रणेने ताब्यात घेतली. हाताने भरवणे आणि मुलांना शेजारी झोपवणे यांवर आक्षेप घेतल्याचे आईबापांनी सांगितले, तर यंत्रणेने गोपनीयतेचे कारण देऊन तपशील उघड केले नाहीत. भारत सरकारने लक्ष घातल्यावर मुले २०१२ मध्ये भारतात आली आणि पुढे न्यायालयाच्या निर्णयाने आईकडे परतली. या एका प्रकरणावरून घाबरून जाऊ नये, परंतु मूल ही आईबापांची खासगी बाब आहे हे आपले गृहीतक त्या देशांत चालत नाही, एवढे जाण्यापूर्वी उमजलेले बरे. मारकुट्या बापाच्या घरातल्या मुलाला तोच कायदा आधार वाटतो, ही दुसरी बाजूही आहे.

शेवटचा रकाना कागदपत्रांचा. मुलगी पुण्यात जन्मली, म्हणजे ती भारतीय नागरिक. अमेरिकेत गेल्यास ती वडिलांच्या व्हिसावर आश्रित म्हणून राहील आणि एकविसाव्या वर्षी ते आश्रितपण संपते. तोवर कुटुंबाला ग्रीन कार्ड मिळाले तर ठीक. पण कोणत्याही एका देशाच्या लोकांना दरवर्षी एकूण संख्येच्या सात टक्क्यांपेक्षा अधिक कार्डे सहसा मिळत नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग कित्येक वर्षांची आहे. तिथेच वाढलेली, तिथल्याच उच्चाराने बोलणारी मुले एकविसाव्या वर्षी परक्या विद्यार्थ्यासारखा नवा व्हिसा मागत फिरतात. पुढे तिथे भाऊ झाला, तर चौदाव्या घटनादुरुस्तीने तो जन्मतः अमेरिकी नागरिक. म्हणजे एकाच घरात दोन मुलांची दोन भवितव्ये. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी तात्पुरत्या व्हिसावरील पालकांच्या मुलांना हा हक्क नाकारणारा आदेश काढला आणि तो वाद न्यायालयात गेला. जर्मनीत २०२४ च्या कायद्यानंतर पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो आणि जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालते. भारताला ते चालत नाही. तो पासपोर्ट हाती आला की आपला परत करायचा आणि परदेशस्थ भारतीय नागरिक हे कार्ड घ्यायचे, ज्याच्या नावात नागरिक असले तरी त्यावर मतदान करता येत नाही.

इथवर आल्यावर भाची म्हणाली, "मग भारताच्या रकान्यात काय लिहायचं?" खरी अडचण तिथेच आहे, कारण भारत हा एक रकाना नाही. २०२० च्या नोंदींनुसार हजार जिवंत जन्मांमागे वर्षभराच्या आत दगावणारी बालके भारतात २८, महाराष्ट्रात १६, केरळात ६ आणि मध्य प्रदेशात ४३ होती. अमेरिकेचा आकडा साडेपाचच्या आसपास असतो, म्हणजे केरळ आणि अमेरिका शेजारी बसतात आणि मध्य प्रदेश वेगळ्याच खंडात असल्यासारखा दिसतो. आपल्या महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीत पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली.

जिल्ह्यातही तेच. दिवाळीनंतर सांगली-साताऱ्यातले कारखाने सुरू होतात, बीडकडून आणि आपल्याच जतकडूनही टोळ्या उसाच्या फडात उतरतात आणि त्यांची मुले चार-पाच महिने पाचटाच्या खोपीत राहतात. साखरशाळा जवळ असली तर जातात, नाहीतर धाकट्या भावंडाला सांभाळतात. त्या खोपीपासून विश्रामबागेतल्या बालरोगतज्ज्ञाचा दवाखाना अर्ध्या तासावर आहे. माझ्या बहिणीच्या नातीला तो रात्री नऊलाही तपासतो. म्युनिकमध्ये ही सोय तिला मिळणार नाही. खोपीतल्या मुलीला ती सांगलीतही मिळत नाही. आणि मूल मुलगी असेल तर आणखी एक प्रश्न येतो. साताऱ्यात २०११ मध्ये जिल्हा प्रशासनाने 'नकुशा' नावाच्या पावणेतीनशेहून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलली. मूल वाढवायला हा प्रदेश कसा आहे, या प्रश्नाचे त्या मुलींचे उत्तर त्यांच्या जन्माच्या दाखल्यावरच लिहिलेले होते.

परमुलखात मूल वाढवणे आपल्या भागाला मुळीच नवे नाही, हे मात्र त्या संध्याकाळी आमच्या बोलण्यात उशिराच आले. विटा, आटपाडी, खटाव, माण या दुष्काळी पट्ट्यातले गलाई कारागीर सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी केरळ-तामिळनाडूपासून उत्तरेपर्यंत पसरले आहेत. त्यांनी कोणतीही क्रमवारी वाचली नव्हती, पण हेच प्रश्न सोडवले: मूल मल्याळम शाळेत घालायचे की आजीजवळ गावी ठेवायचे, किती वर्षांपर्यंत तिथे आणि कधी इकडे. माझ्या वर्गात असा एक मुलगा आठवीत आला होता. तमिळ फर्डे बोलायचा, मराठी बोलायचाही, पण देवनागरी लिहिताना त्याचा हात अडायचा. गणितात पहिला आणि मराठीत जेमतेम पास. चौथीत आला असता तर अडचण आली नसती, असे त्याचे वडील हळहळून म्हणाले होते.

तीच आठवण सांगितल्यावर जावई वही जवळ ओढून बराच वेळ रकान्यांकडे पाहत बसले. निर्णय दोन आठवड्यांनी कळला: म्युनिक, आणि मुलगी पहिलीत जाण्याआधी, म्हणजे सहाव्या वर्षाच्या आत, तिथेच राहायचे की परतायचे हे ठरवून टाकायचे. पाळणाघरात जागा फेब्रुवारीत मिळणार आहे. तिथे पहिले काही आठवडे मुलाला सवय होईपर्यंत घरच्या कोणीतरी सोबत बसायचे असते आणि नव्या मुलांना त्या दिवसांत सारखे सर्दी-ताप येतात, असे भाचीने चौकशी करून कळवले. त्यामुळे आक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, आपले नव्वद दिवस फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेपासून मोजले आहेत. कालनिर्णयच्या पानावर तिने तीन महिने पेन्सिलीने अधोरेखित केले, पाडवा त्यातच येतो हे पाहिले आणि गुढीसाठी तांब्या इथून न्यायचा की तिथे मिळेल, हे मला विचारले.